तुझ्या ट्रेमधली कैची

तारा, तू गेली असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, तरी मी तुझी नाडी पाहिली. आधी मनगटावर पाहिली, मग गळ्याजवळ. साहेब माझ्याकडं पाहत राह्यले. तुझा नवरा भिंतीले टेकून उभा होता, तोही पाहत राह्यला. दुसऱ्यानं पाहिलेल्या नाडीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आपल्या दोघींले एकाच बाईनं शिकवलं होतं. माझ्या जागी तू असती तर तूही हेच केलं असतं, वरून मलेच म्हटलं असतं, “नीट पाह्य वं, तुही बोटं थंडी हायेत.”

काल तुझ्या घरी जलदानाचा विधी झाला. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. कोणी म्हणे, तारा नर्सबाई कधी कोणाले टोचून बोलल्या नाहीत. मी पदराआड हसली. मले तू काय काय बोलली ते यांले कुठं ठाऊक! मग एक मास्तर उठले. ते म्हणाले, ताराबाईंनी मनात कधी काही ठेवलं नाही, जे असन ते तोंडावर. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. एक गोष्ट तू इतकी वर्षं मनात दाबून ठेवली, मी हजार वेळा विचारलं तरी ओठ उघडले नाहीत, अन् म्हणे मनात काही ठेवलं नाही! मलेही बोलायले उभं केलं. मी उभी राह्यली, घसा खाकरला, अन् बसली. जे मले बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नोहोतं. म्हणून आता बोलते. तू ऐकून घे. मधात बोलायची तुले खोड होती, ती आज चालायची नाही.

आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाही तू मले आवडली नोहोती, हे तुले ठाऊक आहे. बालाघाटच्या दवाखान्यामागं ट्रेनिंगच्या पोरींसाठी कौलारू खोल्या होत्या. मी बाबांसोबत रिक्षातून उतरली, हातात पत्र्याची पेटी. तू आधीच येऊन खिडकीजवळची खाट धरून बसली होती. मी मनात म्हटलं, ही पोरगी साधी नाही. तू तर माझ्याकडं अशी पाहून राह्यली होती की मी तुझी उशी चोरायलेच आली. महिनाभरानं माझी माय भेटायले आली. तिनं तुले गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग गावातला मोहल्ला विचारला. तू तिचे सगळे प्रश्न संपू दिले अन् म्हटलं, “हौ मावशी, आम्ही हट्ट्याकडचे बौद्ध. माठ तिकडं हाये, सकाळी मीच भरला. तहान लागली असन तर घ्या.” मायले एकाएकी तहान नोहोती. मी उठून तांब्याभर पाणी प्यायली. खरं सांगते, मलेही तहान नोहोती, तू पाहून राह्यली होती म्हणून प्यायली. तू तेही ओळखलं. “लय मोठं काम केलं वं,” असं म्हणून तू वॉर्डात निघून गेली. अशी आपली दोस्ती, एकमेकीवर नजर ठेवूनच सुरू झाली.

लोकांले वाटते, नर्सच्या ट्रेनिंगमधे सुई मारायले शिकवतात. सुई तर लय उशिरा हातात आली. आधी आपल्याले शंका घ्यायले शिकवलं. मोठ्या सिस्टर केरळच्या, हिंदी त्यांची त्यांनीच बनवलेली. “किसी का भरोसा नहीं करना,” त्या म्हणायच्या, “पानी का भी नहीं.” पाणी उकळलं असं कोणी सांगितलं तर ते उकळलं नाही, आपण बुडबुडे पाहिले तरच उकळलं. मागच्या पाळीची पोरगी म्हणाली, थर्मामीटर झटकला आहे, तरी आपण तो परत झटकायचा. चादर वरून साफ दिसते काय, मग खाली हात घालून पाहा ओली आहे काय. बाई म्हणते दुखत नाही, तर तिच्या तोंडाकडं पाहू नका, पायाचे अंगठे पाहा, आवळले काय. बाळंतीण फार गप झोपली असन तर खुश होऊ नका, पांघरूण उचलून पाहा, रक्त तर जाऊन राह्यलं नाही. मले हे सगळं शिकायची गरजच पडली नाही, माझ्या रक्तातच होतं. तुले मात्र सुरुवातीले जड गेलं. तू चिडायची, “असं जगलं तर माणसानं जेवायचं कसं?”

बाकी शिकलो ते काय थोडं होतं! चादरीचे कोपरे असे दुमडायचे की आजाऱ्यानं कुशी बदलली तरी सुटले नाही पायजेत. अंग पुसताना एक हात पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. एनिमाचं नाव काढलं की तू जेवणाचं ताट सरकवून द्यायची. पट्ट्या बांधायचा सराव एकमेकींवर. तू माझ्या डोक्याले अशी पट्टी बांधली होती की कान आतल्या आत दुमडून गेला, अन् सिस्टरनं तुलेच शाबासकी दिली. पेज किती पातळ, कोणाले मीठ घालून, कोणाले बिनमिठाची. मग बाळंतपणाचा वर्ग. लाकडाचं कमरेचं हाड अन् कापडाची बाहुली. बाहुलीचं डोकं त्या हाडातून फिरवून फिरवून तिच्या नाकाचा रंग उडून गेला होता. पोटाले लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे. पहिल्यांदा मले काहीच ऐकू आलं नाही, पण सिस्टरनं विचारलं तेव्हा मी झटक्यात ‘हौ’ म्हटलं. तू बाजूनं हळूच विचारलं, “किती होते?” अशी होती तू.

दुसऱ्या वर्षी आपल्याले खेड्यांवर नेलं. हट्ट्याजवळच्या एका गावात एका घरी आठ-दहा दिवसांचं पोर होतं. त्याची नाळ घरच्या विळ्यानं कापली होती अन् वर राख भरली होती. पोराचे जबडे बसले होते. आईनं छातीशी धरलं तर त्याले तोंड उघडता येईना, नुसतं अंग कडक होऊन कमानीसारखं वाकायचं. सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं, धनुर्वात आहे, उशीर झाला. तू खोलीवर आल्यावर जेवली नाही, अन् त्या दिवसापासून तुझा सगळा ताल बदलला. सामान उकळायचं म्हटलं की तू माझ्याही पुढं जायले लागली. मी म्हणायची, तारा, आता पुरे, भांडं जळून जाईन. तू स्टोव्ह बंद करायची नाही.

आता परीक्षेवर येते. तू इथंच विषय बदलायची, म्हणून सगळं सांगते.

आपले दोन नियम होते. पहिला, उकळलेल्या सामानाले उघडा हात लागला की ते सामान ट्रेमधे राहायचं नाही, मग हात कोणाचाही असो. दुसरा, जिचा ट्रे तिचा, दुसरीनं त्याले हात लावायचा नाही. परीक्षेत प्रत्येकीनं आपापला ट्रे लावून झाकून ठेवायचा. एक पोरगी बाळंतपण करन, दुसरी हाताखाली उभी राहीन. माझ्या वेळेले तू उभी होती. तुझा ट्रे बाजूच्या टेबलावर झाकलेला होता, तुझी पाळी दुपारी होती. परीक्षा घ्यायले बाहेरगावच्या डॉक्टरीण मॅडम आल्या होत्या. बाई तांदळाच्या मिलमधे काम करणारी, पहिलटकरीण, चांगली हिमतीची. मी ब्रशनं हात घासून राह्यली होती, पाठ तुमच्याकडं. नखं झाली, कोपरापर्यंत झालं. परत आली तेव्हा बाळाचं डोकं दिसून राह्यलं होतं. बाळ आलं, रडलं. मी नाळ दोन जागी बांधली अन् कैचीसाठी ट्रेकडं हात केला.

कैची नोहोती.

मी स्वतः ठेवली होती. झाकण्याआधी एकेक वस्तू बोटानं दाखवत मोजली होती. मॅडमनं भुवया वर केल्या, “कैची कहाँ है?” तू खाली पाहत होती. शेवटी स्टाफ नर्सनं वॉर्डाच्या उकळलेल्या सामानातून कैची दिली, नाळ कापली, पोरगा ठणठणीत. अन् मी नापास. ट्रे अपुरा. तू दुपारी पास झाली, पहिल्या नंबरानं. तुझ्या ट्रेमधे कैची होती.

माझ्या घरी काय झालं ते तुले ठाऊक आहे. बाबांनी आधीच सांगितलं होतं, एका झटक्यात पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न. मी रडली, जेवण सोडलं, तेव्हा कुठं त्यांनी पुढच्या परीक्षेपर्यंत थांबायची कबुली दिली. तोवर तुले बालाघाटच्याच दवाखान्यात जागा भेटली. मी नंतर पास झाली तर मले जंगलातलं बिरसा गाव. एक बस, ती पावसाळ्यात नाल्याशी थांबायची. तिथं जायच्या आधी वॉर्डातल्या सुगराबाई आयानं मले बाजूले घेतलं. म्हणाली, “बाई, तुम्हाले कोणी सांगतलं नाही काय? तुमची कैची तारानं काढली. मी माह्या डोयानं पाह्यलं.”

त्या दिवशी मले वाईट वाटलं नाही, तारा. मले बरं वाटलं. मी म्हटलं, बघ, मी बरोबर होती. पहिल्या दिवशी तुले पाहिलं तेव्हाच मले समजलं होतं. मग बिरसाच्या जंगलात एकटी बसून मी तुझी एकेक गोष्ट काढली अन् उलटी करून पाहिली. तू माझा ताप पाहायची, ते माझ्या पुस्तकातलं पाहायले. तू मले तिळाचे लाडू द्यायची, ते गोड बोलायले. सगळं बसत गेलं. शंकेले एकदा जागा दिली की ती पाय पसरते, हे मले सांगायले कोणी नोहोतं. सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

मग एक दिवस तूच धुळीनं भरलेली बसमधून उतरली. मी भात टाकला होता. मी तुले बस म्हणायच्या आधी विचारलं, “माही कैची कुठं हाये?”

तू ओसरीवर बसली. पाणी मागितलं. मग सांगितलं. “तू हात धुवून राह्यली होती. मॅडमनं फडकं उचललं. कैची हातात घेतली, गंज हाये काय पाह्यला, अन् तशीच परत ठेवली, मागून त्यांले आठवलंही नाही. उघड्या हातानं, कुसमे. मी काय करू? मॅडमले म्हणू, तुमचा हात घाण हाये?”

“मले सांगायचं.”

“तू मॅडमसमोर भांडली असती. बाळ येऊन राह्यलं होतं. मी चिमट्यानं उचलली अन् बाल्टीत टाकली. तू ते हट्ट्याचं पोर पाह्यलं होतं नं?”

खरं असावं असं वाटलं, अन् खरं वाटतं म्हणूनच शंका आली. मी विचार केला अन् मले ते सापडलं. “बरं, उचलली ते बरोबर. मग तुह्या ट्रेमधली काहून नाही ठेवली? बाजूलेच होती. उकळलेली होती.”

तुझं तोंड मले अजून दिसते. तू तांब्या खाली ठेवला, नाक वर केलं अन् म्हटलं, “तुहा भात करपून राह्यला वं.”

करपला होता, हे खरं आहे. मी आत गेली, तेवढ्यात तू बोलण्याची गाडी दुसरीकडं वळवली. त्या दिवसापासून जेव्हा जेव्हा मी हा प्रश्न काढला, तेव्हा तेव्हा तुले काही ना काही काम निघालं. कधी बस सुटून राह्यली, कधी पोरगं रडून राह्यलं. भांडण संपलं नाही अन् मैत्रीही सुटली नाही. मैत्री म्हणावं काय त्याले? तू दर दिवाळीनंतर यायची. मी रागावून चहा टाकायची.

माझ्या पोराच्या वेळी मी माहेरी गेली नाही, तुझ्याकडं आली. लोकांले वाटलं, मैत्रिणीवर केवढा विश्वास! विश्वास कसला, मले दुसऱ्या कोणाचे हात चालणार नोहोते, एवढंच. कळा येऊन राह्यल्या होत्या तरी मी मान वळवून तुझा ट्रे पाहत होती. फडकं उचललं तर त्यात दोन कैच्या होत्या, शेजारी शेजारी. मी विचारलं, “दोन काहून?” तू म्हटलं, “जोर लाव, बडबड करू नको.” नंतर दुसऱ्या नर्सबायांनी सांगितलं, ताराबाई नेहमीच दोन ठेवतात, कुठंही जाऊ देत. मी कितीतरी दिवस विचार करत राह्यली, ही कबुली आहे की मले मारलेला टोमणा. पोरगा मात्र तुझ्या हातांवर आला, त्याची नाळ तू बांधली, अन् मी अशी रडली की तू घाबरून माझं पांघरूण उचलून पाहिलं. त्या दिवसासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. हे मी तुले कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हटली असती, “मग आता तो प्रश्न सोड.”

अन् आता हे शेवटचं दुखणं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. मी बदली होऊन बालाघाटले आली अन् तू माझ्याच वॉर्डात खाटेवर. नव्या पोरींचा तू जीव काढला. सुई आणली की म्हणायची, “उकळताना मी पाह्यली नाही.” सलाईन लावायले आली की, “हात दाखव.” पोरी माझ्याकडं येऊन रडायच्या, “मौसी, आपकी सहेली हमको चोर समझती है.” मी आतून खुश व्हायची. पण मी स्वतः सुई घेऊन आली तर तू मलेही म्हटलं, “दाखव.”

मले राग आला. “माह्यावर संशय?”

“तुह्यावर नाही. सुईवर.”

“बरं. मग आता सांग,” मी म्हटलं, “तुह्या ट्रेमधली काहून नाही दिली?” आजारी माणसाले असं विचारू नये, हे मले समजते. पण तुझे डोळे पिवळे झाले होते अन् मले उरलेले दिवस दिसून राह्यले होते.

तू तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी तुझी चादर बदलत होती, तेव्हा आपणहून बोलली. “तू नापास झाली तर तुहं लगन लावून देतीन, एवढंच होतं. माह्या मोहल्ल्यातून शिकायले निघालेली मी पहिली पोरगी. मी पडली असती तर मागून कोणालेच पाठवलं नसतं.” मग थांबली. दम खाल्ला. “पण हे मले मागून सुचलं, कुसमे. तवा असं काही डोक्यात नोहोतं. तवा मले भेव लागलं होतं, बस.”

मी चादरीचा कोपरा दुमडला. मनात काय आलं सांगू? मनात आलं, जाणारं माणूस मागच्याले बरं वाटावं म्हणून काहीही बोलते. ही माझं सांत्वन करून राह्यली. अशी मी. मग घरी गेल्यावर, भाजी चिरताना, माझ्या ध्यानात आलं की खोटं बोलायचं असतं तर तू मोहल्ल्यापाशीच थांबली असती. ती गोष्ट चांगली दिसत होती. तिथं मी गप झाली असती, रडलीही असती. भेव लागलं, हे कोणी स्वतःबद्दल बनवून सांगत नाही.

सकाळी मी सुई घेऊन आली. तू डोळे मिटून हात पुढं केला. दाखव म्हटलं नाही. मले वाटलं, हा विश्वास आहे, की नुसता थकवा? मी सुई मारली नाही. परत गेली, स्टोव्ह अन् भांडं उचलून तुझ्या खाटेजवळ आणलं अन् तुझ्यासमोर सुई पुन्हा उकळायले ठेवली. तू एक डोळा उघडला.

“पह्यले उकळली नोहोती काय?”

“उकळली होती.”

“मग?”

“मग काही नाही. पाह्य.”

तू पाहत राह्यली. पाणी तापून राह्यलं होतं अन् मी तुझा हात धरून बसली होती. मले तेव्हा एक गोष्ट सांगायची होती, ती माझ्या जिभेवर आली होती. तेवढ्यात साहेबांचा राउंड आला, मी उठली, सुई मारली, अन् म्हटलं दुपारी सांगीन. दुपारी तू शुद्धीवर नोहोती.

ती गोष्ट ही. मी रात्रंदिवस तुले विचारत राह्यली, तू आपली कैची काहून नाही दिली. स्वतःले एकदाही विचारलं नाही. तुझ्या जागी मी असती, माझा ट्रे बाजूले झाकून ठेवलेला असता, अन् मॅडमनं तुझ्या कैचीले हात लावला असता, तर मीही माझी दिली नसती. एवढंच नाही, तारा. मी तुझी उचललीही नसती. तू पास झाली असती, मी पास झाली असती, अन् त्या मिलवाल्या बाईच्या पोराची नाळ त्याच कैचीनं कापली असती.